मागितले किती, मिळाले किती

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी संतवाङ्मयावर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले, बेळगावच्या जुन्या वाड्यांवरही झाले. त्या रांगेत माझा विषय काहीसा अवघडून उभा आहे, याची मला जाणीव आहे. मोटारीच्या इंजिनात कंपनीने घातलेले सॉफ्टवेअर काढून त्या जागी बाहेरच्या कारागिराने बदललेले घातले आणि मोटार भलतेसलते वागू लागली, तर दोष कोठे आणि कसा शोधावा, हा तो विषय होय. कार्यवाहांना मी तो सांगितला तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘‘यात वाचण्याजोगे काही असते का हो?’’ असते. किंबहुना सारा घोटाळा न वाचल्यामुळे होतो. चाळीस वर्षे उद्यमबागेत इंजिनाचे सुटे भाग घडवण्यात काढलेल्या मलाही हे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तेही एक चूक करूनच कळले.

प्रथम हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्यातील ज्येष्ठांना कार्बोरेटर आठवत असेल. मिस्त्री कान देऊन इंजिन ऐकत असे आणि पेचकसाने एक स्क्रू पाव फेरा फिरवी. तो स्क्रू आज नाहीसा झाला आहे. बॉश कंपनीने १९७९ साली ‘मोट्रॉनिक’ नावाची यंत्रणा बीएमडब्ल्यू ७३२ आय या मोटारीत बसवली. पेट्रोल किती सोडावे आणि ठिणगी केव्हा पाडावी, हे दोन्ही निर्णय तेथे एकाच इलेक्ट्रॉनिक पेटीकडे आले. डिझेलच्या बाबतीत मोठे वळण १९९७ साली आले. एका सामाईक नळीत अतिशय उच्च दाबाने डिझेल साठवून ते हवे तेव्हा, हवे तितके फवारण्याची ‘कॉमन रेल’ पद्धत त्या वर्षी अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून बाजारात आली. त्यानंतर डिझेल इंजिनही अधिकाधिक या पेटीच्या, म्हणजे ईसीयूच्या, आज्ञेत आले.

या पेटीत असतात ती मुख्यतः कोष्टके. आपण शाळेत पाढ्यांचा तक्ता पाहत होतो तशी. आडव्या ओळीत इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, उभ्या ओळीत पायाने दाबलेल्या पेडलचे प्रमाण, आणि दोन्ही जेथे मिळतात त्या चौकोनात एक आकडा. एवढे डिझेल सोडा. दुसऱ्या कोष्टकात, टर्बोचार्जरने हवा एवढ्या दाबापर्यंत दाबावी. तिसऱ्यात, हवा इतकीच उपलब्ध असेल तर डिझेल यापेक्षा अधिक सोडू नये, नाहीतर काळा धूर होईल. अशी शेकडो कोष्टके एकमेकांवर लक्ष ठेवून असतात. कंपनी हे आकडे भरताना हात राखून भरते. तीच मोटार लडाखच्या थंडीत आणि नागपूरच्या उन्हाळ्यात चालायची असते, कोठे डिझेल चांगले मिळते, कोठे मिळत नाही, कोणी तेल वेळेवर बदलतो, कोणी बदलत नाही. या राखीव अंतरातला काही भाग मोकळा करून अधिक शक्ती काढणे, याला गॅरेजच्या भाषेत ‘रिमॅप’ म्हणतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. पण कंपनीने राखलेले अंतर ज्या दिवशी आपण वापरतो, त्या दिवसापासून इंजिनाची लहानसहान दुखणी झाकायला काही उरत नाही.

आता प्रसंगाकडे वळतो. माझ्या भाच्याने २०१२ सालची, दोन लिटरच्या आसपास इंजिन असलेली एक डिझेल मोटार जुन्या बाजारात घेतली आणि २०२२ च्या मार्चमध्ये आपल्याच गावातील एका तरुणाकडून ती रिमॅप करून घेतली. दोन महिने तो खूश होता. मे महिन्यात गोव्याहून परतताना, केरी गाव मागे टाकून चोर्ल्याचा चढ सुरू झाल्यावर, एका मालवाहू ट्रकला ओलांडण्यासाठी त्याने तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबले. मोटार ट्रकच्या निम्म्यापर्यंत गेली आणि तिचा जीवच गेला. समोर दिवा लागला, पेडल दाबावे तरी वेग वाढेना, आणि वरून वळणावर बस दिसली. ट्रकवाल्याने ब्रेक मारून वाट दिली म्हणून बरे. मागच्या सीटवर माझी सून, म्हणजे भाच्याची बायको, आणि चार वर्षांची नात होती. पुढे मोटार बाजूला घेऊन त्याने इंजिन बंद केले, पुन्हा चालू केले, आणि मोटार अगदी शहाण्यासारखी बेळगावपर्यंत आली.

त्यानंतर निकाल देणाऱ्यांची रीघ लागली. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितले, बाहेरचे सॉफ्टवेअर आहे, आम्ही हात लावणार नाही. रिमॅप करणारा तरुण म्हणाला, ‘‘काका, माझी फाइल बरोबर आहे, गाडीतच काहीतरी आहे.’’ एका मित्राने टर्बो गेला म्हणून सांगितले आणि नव्या टर्बोची किंमतही सांगितली. भाचा तर त्या तरुणाच्या दुकानासमोर जाऊन बसण्याच्या तयारीत होता. त्या मुलाचे दुकान सुरू होऊन वर्षही झाले नव्हते आणि त्यावर कर्ज होते. एका गिऱ्हाईकाने भर बाजारात आरडाओरडा केला असता तर ते बंदच पडले असते. तेव्हा, ‘‘मामा, तुम्ही बघा, तुम्ही म्हणाल ते खरे,’’ असे भाचा म्हणाला आणि मी मध्यस्थ झालो.

स्कॅनर लावला. पेटीने नोंदवलेला दोष होता पी ०२९९. पुष्कळ लोक असा क्रमांक पाहिला की निदान झाले असे समजतात. पी ०२९९ चा अर्थ एवढाच की, टर्बोने जेवढा दाब द्यावा अशी अपेक्षा होती त्यापेक्षा तो कमी पडला, आणि ही तूट ठरलेल्या सेकंदांपेक्षा अधिक काळ टिकली. टर्बो खराब आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. ती पेटीने लिहून ठेवलेली फिर्याद आहे. अशी तूट टिकली की पेटी इंजिनाचे रक्षण करण्यासाठी शक्ती कापते, यालाच ‘लिंप मोड’ म्हणतात. इंजिन बंद करून चालू केले की बहुधा तो उठतो, म्हणून घाटात मोटार पुन्हा शहाणी झाली होती.

मी त्या तरुणाला विचारले, मूळ फाइल आहे का? त्याने एका जाड वहीत मोटारीचा नंबर, तारीख, पेटीवरील हार्डवेअरचा आणि सॉफ्टवेअरचा क्रमांक असे सारे लिहून ठेवले होते आणि त्या नोंदीप्रमाणे मूळ फाइल त्याच्या संगणकातून दोन मिनिटांत निघाली. ती वही पाहून मला आपल्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीची आठवण झाली. सर्वच कारागीर असे करीत नाहीत. काही जण मोटारीतून काही वाचून न घेता, नुसत्या क्रमांकावरून कोठूनतरी मिळालेली फाइल चढवतात, आणि मग परतीची वाट राहत नाही. आम्ही बॅटरीला चार्जर जोडून मूळ फाइल चढवली. हे चार्जर जोडणे अनेक जण टाळतात. फाइल चढत असताना बॅटरीचा दाब घसरला आणि काम अर्धवट राहिले तर मोटार सुरूच होत नाही, पेटी उघडून टेबलावर दुरुस्त करावी लागते.

मूळ फाइल घालून आम्ही चोर्ल्याला गेलो. तीन वेळा चढ चढलो, पेडल पूर्ण दाबून. दिवा लागला नाही. परत आल्यावर मी त्या मुलाला त्याच्या वडिलांच्या देखत सांगितले की, दोष तुझ्या सॉफ्टवेअरचा आहे, भाच्याचे पैसे परत कर. बोलताना माझ्या आवाजात जी खात्री होती, ती आठवली की आजही मला संकोच वाटतो.

जुने घातले आणि दोष गेला, तेव्हा नवे दोषी, हा तर्क इतका सरळ वाटतो की त्याच्यापुढे कोणी प्रश्न करीत नाही. मीही केला नाही. पण त्या दिवशी घाटात भाचा मोटार चालवत असताना शेजारी बसून मी लॅपटॉपवर नोंदी घेतल्या होत्या. (एकट्याने चालवत पडद्याकडे पाहण्याचा उद्योग कोणी करू नये.) मोटार अशा नोंदी सेकंदाला दोन-चार वेळा सहज देते. रात्री जेवण झाल्यावर त्या सहज चाळल्या. मूळ फाइलमध्ये पेटी मागत होती २०५० मिलिबार दाब, वातावरणाचा दाब धरून. मिळत होता १९६०. नव्वदाची तूट पेटी चालवून घेते, म्हणून दिवा लागत नव्हता. पण टर्बोच्या आत वाऱ्याला दिशा देणारी जी हलती पाती असतात, त्यांना दिलेला आदेश जवळजवळ कमाल मर्यादेला टेकला होता. निरोगी इंजिनात एवढ्या दाबासाठी एवढा आटापिटा करावा लागत नाही. पेटी जिवाचे रान करून ती तूट लहान ठेवत होती. म्हणजे आजार मूळ फाइल असतानाही होता. दिसत नव्हता, इतकेच.

मग रिमॅप केलेल्या फाइलच्या नोंदी घेतल्या. तेथे पेटी मागत होती २३५० मिलिबार आणि मिळत होता १९७०. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहिले, १९६० आणि १९७०. मागणी तीनशेने वाढली, पण मिळकत होती तेथेच राहिली. याचा अर्थ काहीतरी त्या दाबाला उघडत होते आणि त्याच्या वरची हवा बाहेर सोडत होते.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून पाहतो तसाच उपाय केला. टर्बोनंतरची नळी बंद करून तिच्यात कॉम्प्रेसरची हवा भरली, पण रेग्युलेटर लावून, मोजून. अर्ध्या बारला साबणाच्या पाण्याचा एकही बुडबुडा आला नाही. एक बारच्या वर काटा गेला मात्र, आणि इंटरकूलरकडून इंजिनाकडे येणाऱ्या रबरी होज पाइपच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेखाली, फेस येऊ लागला. होज काढून पाहिला तर तेलाने मऊ झालेल्या रबरात बोटभर लांबीची चीर होती. दाब नसताना ती मिटलेली असे. वरून पाहणाऱ्याला ती दिसणे शक्य नव्हते, आणि उभ्या मोटारीत इंजिन नुसते चालू ठेवून तपासणाऱ्या वर्कशॉपलाही ती सापडली नसती.

मी त्या मुलाच्या दुकानात गेलो आणि त्याच्या वडिलांसमोर चूक कबूल केली. त्यांनी चहा मागवला. मुलगा काही बोलला नाही. नवा होज मात्र त्याने स्वतःच्या हाताने बसवला.

गोष्ट येथे संपली असती तर मलाही बरे वाटले असते. नव्या होजनंतर रिमॅपच्या फाइलवर २३५० मागितले की २३३० मिळू लागले आणि दिवा लागण्याचे बंद झाले. परंतु भाच्याची आणखी एक तक्रार होती, जिच्याकडे पहिल्या गोंधळात कोणाचे लक्ष गेले नव्हते. शहरातून हळू जाताना, दीड हजार फेऱ्यांच्या आसपास पेडल एकदम दाबले की मोटार झटका देई आणि मागे काळा धूर सोडे. होज बदलल्यानंतरही ते चालूच होते. आता त्या तरुणाची खात्री झाली होती की गाडीतच आणखी काही दोष आहे. एकदा निर्दोष ठरलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक आहे.

पुन्हा नोंदी घेतल्या. या वेळी दाबाच्या नव्हे, हवेच्या आणि डिझेलच्या. त्या फेऱ्यांना टर्बोने अजून वेग घेतलेला नसतो, त्यामुळे प्रत्येक वेळी एका सिलिंडरात सुमारे ४८० मिलिग्रॅम हवा येत होती. तेवढ्या हवेवर पेटी ३६ मिलिग्रॅम डिझेल सोडण्याचा आदेश देत होती. भागाकार केला तर एक भाग डिझेलला तेरा-साडेतेरा भाग हवा. डिझेल पूर्ण जळायला हिशेबाने साडेचौदा भाग हवा लागते, आणि प्रत्यक्षात ती सर्वत्र सारखी मिसळत नसल्याने सतरा-अठराच्या खाली आले की धूर दिसू लागतो. मूळ फाइल त्याच जागी २७ मिलिग्रॅमवर हात आखडता घेत होती. येथे इंजिन काही कमी देत नव्हते. पेटी मागत होती ते इंजिन इमानेइतबारे देत होते, मागणेच चुकीचे होते. मी त्या मुलाला तिसरे कोष्टक उघडायला सांगितले, मघाशी उल्लेखिलेले, धुराला आवर घालणारे. ते सरसकट वर उचललेले होते. फाइल त्याने बाहेरून तयार आणली होती आणि ते कोष्टक स्वतः तपासले नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘‘काका, पेडल दाबल्याबरोबर पाठ सीटला टेकली पाहिजे असं गिऱ्हाईकच म्हणतात. नाहीतर पैसे वाया गेले म्हणतात.’’ हेही खरेच आहे, आणि त्या गिऱ्हाइकांत माझा भाचाही होता. कोष्टक खाली आणल्यावर धूर थांबला, झटकाही थांबला. पाठ सीटला थोडी उशिरा टेकते.

म्हणजे एकाच मोटारीत दोन दोष होते. मूळ फाइल घातली की दोन्ही नाहीसे होत. एक गाडीचा होता, दुसरा सॉफ्टवेअरचा. नुसत्या अदलाबदलीवर विसंबलो असतो तर दोहोंना एकच नाव देऊन मोकळे झालो असतो. त्यांना वेगळे केले ते मागितले किती आणि मिळाले किती, या दोन आकड्यांनी.

ग्रंथांच्या सहवासात वाढलेल्या आपणांस यात नवल वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांसारख्या विद्वानांनी शेकडो हस्तलिखिते एकमेकांशी ओळीनिशी ताडून पाहिली, आणि एखादा श्लोक एका पोथीत नाही एवढ्यावरून तो प्रक्षिप्त म्हणून टाकला नाही, की आहे एवढ्यावरून ठेवलाही नाही. मी काही त्या वाटेचा प्रवासी नाही, पण त्या रात्री लॅपटॉपसमोर दोन फाइलींचे आकडे शेजारी मांडताना मला त्या तळटीपांची आठवण झाली खरी.

मूळ फाइल तरी नेहमी प्रामाणिक असते का, असे कोणी विचारील. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने फोक्सवॅगन कंपनीला नोटीस दिली, तेव्हा जगाला कळले की जवळजवळ १ कोटी १० लाख डिझेल मोटारींतील कंपनीचेच सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते स्वच्छ वागत असे. ते उघडकीस येण्याची सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांमुळे. त्यांनी मोजण्याची यंत्रे मोटारीतच ठेवून ती रस्त्यावर चालवली आणि प्रयोगशाळेतले आकडे रस्त्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. कंपनीची म्हणून फाइल पवित्र, असेही मानू नये.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी मोटार असेल आणि ती विचित्र वागू लागली, तर एवढे करावे. दोष खोडण्याआधी तो लिहून घ्यावा. पुष्कळ मिस्त्री आधी खोडतात आणि मग विचार करतात. तो कधी येतो तेही लिहावे: कोणत्या गिअरमध्ये, चढावर की सपाटीवर, इंजिन थंड की गरम, पावसात की उन्हात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. होज, फिल्टर आणि फाइल एकाच दिवशी बदलून मोटार बरी झाली तर ती कशाने बरी झाली हे देवही सांगू शकणार नाही. मोटार सुरूच होत नसेल तर मात्र दाबाच्या नादी लागू नये. अशा फाइलींत आकड्यांची एक बेरीज पडताळणीसाठी ठेवलेली असते, ‘चेकसम’ म्हणतात तिला. कोष्टके बदलून ती बेरीज दुरुस्त करायची राहिली, किंवा दुसऱ्याच क्रमांकाची फाइल चढली, तर पेटी इंजिन सुरू करायचे नाकारते. तो दोष निःसंशय सॉफ्टवेअरचाच.

मला व्यक्तिशः हे रिमॅप प्रकरण फारसे रुचत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न वेगळाच. भाच्याला मी मूळ फाइलच ठेव म्हणून सांगितले. त्याने ऐकले नाही, दाबाची मागणी २२०० वर आणून मधला मार्ग काढला. सूनबाईंनी मात्र चोर्ल्याच्या रस्त्याने त्या मोटारीतून जाणार नाही असे सांगितले आहे, आणि अजून त्या गेलेल्या नाहीत. त्या तरुणाचे दुकान चालू आहे. आता तो गिऱ्हाइकाला काम करण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदींचा कागद छापून देतो, मागितलेल्या दाबाची एक रेघ आणि मिळालेल्या दाबाची दुसरी. आधीच्या कागदावर दोन रेघांत अंतर दिसले तर काम घेत नाही.

अध्यक्ष महाशयांनी घड्याळाकडे पाहिले, ते मी पाहिले आहे. तो फाटका होज मी सोबत आणला आहे, मागच्या टेबलावर कागदावर ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी तो थोडा वाकवून पाहावा, तरच चीर दिसेल. हाताला काजळी लागते, म्हणून शेजारी फडके ठेवले आहे.